न्यायाधीशांचे आभार मानणारी बाई

बँकेच्या दरोड्यात साथ दिली म्हणून एका अमेरिकन बाईला वीस वर्षांची शिक्षा झाली. तिनं चक्क न्यायाधीशांचे आभार मानले. ही बातमी अभिनेत्री बार्बरा लोडनच्या डोक्यातून जाईना. तुरुंग बरा वाटावा, असं कसलं आयुष्य असेल बाहेर?

या प्रश्नातून १९७० साली ‘वांडा’ हा सिनेमा आला. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळं लोडनचंच. बजेट साधारण १ लाख १५ हजार डॉलर, १६ एमएमचा कॅमेरा, मोजून चार जणांची टीम आणि पेनसिल्व्हेनियातला कोळशाचा पट्टा.

वांडा केसांना कर्लर लावून कोर्टात उशिरा पोचते. मुलं नवऱ्याकडेच बरी, असं सांगून मोकळी होते. हात संथ चालतो म्हणून शिवणाच्या कारखान्यातलं कामही जातं. मग ती एका चिडक्या चोरामागे फरफटत जाते. लोडन तिची वकिली करत नाही, तिला सुधारतही नाही.

व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळूनही अमेरिकेत सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. १९८० साली, ४८व्या वर्षी लोडन कॅन्सरनं गेली. दुसरा मोठा सिनेमा झालाच नाही. पुढे बंद पडणाऱ्या एका लॅबमधून मूळ निगेटिव्ह वाचली आणि २०१०मध्ये सिनेमा पुन्हा उजळला.

पहिल्यांदा पाहताना मी वैतागून मोबाइल बाजूला ठेवला होता. ‘अगं, काहीतरी कर ना!’ नंतर लक्षात आलं, कारखान्याचा साहेबही तिला वेगळं काही म्हणत नव्हता.