उंची वाढवावी की पत्रा कापावा?
मोठे टायर बसवायचे म्हणजे गाडी उंच करायची, असा सर्वसाधारण समज. १९८० च्या दशकात आइसलँडमधील कारागिरांनी मात्र निराळा मार्ग धरला. हिमनद्यांवरील भुसभुशीत बर्फात अरुंद चाके रुतत. म्हणून त्यांनी ३८ इंची रुंद टायर चढवले आणि त्यांतील हवा इतकी उतरवली की रबर पसरून गाडी बर्फावर तरंगल्यासारखी चाले. परंतु एवढ्या टायरांसाठी केवळ उंचीच वाढवली, तर गुरुत्वमध्य वर जाऊन तिरप्या उतारावर गाडी कलंडण्याचे भय. तेव्हा त्यांनी चाकांभोवतीचा पत्राच कापला (चांगल्या गाडीला कटर लावायला छाती हवी!), वर रुंद मडगार्डे बसवली आणि उंची गरजेपुरतीच वाढवली. २००७ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधील स्थानापर्यंत पोहोचलेली ‘टॉप गिअर’ची टोयोटा हायलक्स आइसलँडच्या याच परंपरेत घडली होती, टायर तेच, ३८ इंची.