कलम ३०३ : फाशीची सक्ती आणि तिचा शेवट

भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ जेमतेम एका ओळीचं होतं : जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला, तर त्याला फाशी. इतर कुठल्याही खुनाला न्यायाधीश जन्मठेप देऊ शकत होता. इथे गुन्हा सिद्ध झाला की त्याचे हात बांधले जात.

१८६० साली हा कायदा झाला तेव्हा जन्मठेप म्हणजे काळं पाणी. ज्याला आधीच आयुष्यभराची कैद झाली आहे, तो तुरुंगातल्या शिपायावर हात टाकताना कशाला भिणार, ही सरकारची काळजी होती. ती अगदीच निराधार नव्हती. ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी अंदमानात होप टाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयो बोटीकडे निघाले असताना शेर अली नावाच्या कैद्याने त्यांना भोसकलं. शेर अली खुनाबद्दल जन्मठेपच भोगत होता. पण तेव्हा कलम ३०३ अमलात होतंच. त्याच्या धाकाने मेयोंचा जीव वाचला नाही.

स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. पूर्वी खुनाला फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागत. ही अट १९५५ च्या दुरुस्तीने गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर नियमच उलटा केला : फाशी द्यायची असेल तर खास कारणं नोंदवा, आणि शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐका. ३०३ मात्र जागचं हललं नाही. आरोपीला विचारायचं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? त्याने म्हाताऱ्या आईचं सांगावं, तुरुंगात झालेल्या छळाचं सांगावं, आणि न्यायाधीशाने सगळं ऐकून फाशीच लिहावी. याला सुनावणी म्हणणं हा न्यायाचा अपमान होता.

७ एप्रिल १९८३ रोजी 'मिठू विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मुख्य निकालपत्र पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचं. जन्मठेप काही फक्त खुन्यालाच होत नाही. खोटे दस्तऐवज करणाऱ्यालाही ती होऊ शकते. असा माणूस पॅरोलवर असताना कुणी डिवचलं म्हणून भडकला आणि त्याच्या हातून खून झाला, तर परिस्थिती न पाहता त्याला फासावर द्यायचं कशाच्या आधारावर? न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी स्वतंत्र निकालपत्रात तेच ठासून मांडलं : जी शिक्षा परत घेता येत नाही, ती न्यायाधीशाच्या विवेकाला वगळून देता येणार नाही.

पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थविरोधी कायद्यातली फाशीची सक्ती काढली, तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्यातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०३ च्या जागी कलम १०४ आलं. त्यात फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, असा पर्याय आहे.

काम मात्र पुरं झालेलं नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या कायद्यात अजून एक सक्तीची फाशी आहे : खोट्या साक्षीमुळे त्या समाजातला निरपराध माणूस फासावर गेला, तर साक्ष देणाऱ्याला. गुन्हा कितीही अघोर असो, शिक्षेचा निर्णय तिथेही न्यायाधीशाकडेच हवा. संसदेने ती तरतूद बदलावी.