ओहा (स्पॅनिश अनेकार्थी शब्द)

ओहा : स्पॅनिशमधील स्त्रीलिंगी नाम, अनेकवचन ‘ओहास’. रोमन लिपीत हा शब्द एच, ओ, जे, ए या अक्षरांनी लिहितात. एचचा उच्चार होत नाही. जेचा उच्चार स्पेनच्या बऱ्याच भागात घशातून घासून निघणाऱ्या ‘ख’सारखा, तर अँदालुसियात व कॅरिबियन बेटांवर मऊ ‘ह’सारखा होतो. झाडाचे पान, कागदाचा ताव, सुरीचे पाते आणि दाराची झडप हे या शब्दाचे मुख्य अर्थ.

व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये पानाला ‘फोलिउम’ हा नपुंसकलिंगी शब्द होता, त्याचे अनेकवचन ‘फोलिया’. बोलीभाषेत हे आकारान्त रूप स्त्रीलिंगी एकवचन समजले जाऊ लागले. पुढे आरंभीच्या ‘फ’चा ‘ह’ झाला व तोही उच्चारातून गेला. मधल्या ‘लि’ची जागा जेच्या ध्वनीने घेतली. ‘फिलिउस’पासून ‘इहो’ (मुलगा) झाला तो याच दोन बदलांनी. पोर्तुगीज ‘फोल्या’त मूळचा ‘फ’ टिकून आहे.

अर्थविस्तार : पातळ, सपाट आणि पसरट वस्तू ही कल्पना सर्व अर्थांच्या मुळाशी आहे. म्हणून ही खरी अनेकार्थता ठरते. ‘यामा’ या शब्दाचे तसे नाही. ज्वाळा, अँडीजमधील लामा हा प्राणी आणि ‘तो हाक मारतो’ हे क्रियारूप अनुक्रमे लॅटिन ‘फ्लामा’, केचुआ भाषा व लॅटिन ‘क्लामारे’ यांतून आले आणि केवळ उच्चाराने एक झाले. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीच्या कोशात एका शब्दाचे अनेक अर्थ एकाच नोंदीखाली क्रमांकाने येतात. भिन्न मुळांच्या समरूप नामांना वेगळ्या नोंदी मिळतात. विद्यार्थ्याने कोश उघडल्यावर आधी हा फरक पाहावा.

मराठीशी तुलना : मराठी ‘पान’ झाडाचे असते तसे वहीचेही असते आणि ‘पाते’ हा शब्द संस्कृत ‘पत्र’वरूनच आलेला आहे. त्यामुळे ‘ओहा’चे पहिले तीन अर्थ मराठी माणसाला परके वाटत नाहीत. मात्र साम्य तिथेच थांबते. स्पॅनिशमध्ये कागदाची एक बाजू म्हणजे ‘पाहिना’. पाठपोट मिळून एक ‘ओहा’. दहा ओहांच्या वहीत वीस पाहिना असतात. पत्त्यांतील पानाला ‘कार्ता’ म्हणतात आणि जेवणाचे पान वाढायचे तर ‘प्लातो’ हा शब्द लागतो.

शब्दप्रयोग : ‘ओहा दे आफेइतार’ म्हणजे दाढीचे पाते, ‘ओहा दे काल्कुलो’ म्हणजे संगणकावरील स्प्रेडशीट. कोलंबियात नोकरीच्या अर्जासोबत जोडायचा बायोडेटा ‘ओहा दे बिदा’, शब्दशः आयुष्याचा कागद. मेक्सिकोत तामालेस हा मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ मक्याच्या कणसावरील सालीत गुंडाळतात. तिला ‘ओहा दे माईस’ म्हणतात, तर केळीचे पान ‘ओहा दे प्लातानो’. पत्र्याला ‘ओहालाता’ आणि पापुद्रे सुटणाऱ्या पेस्ट्रीच्या पिठाला ‘ओहाल्द्रे’ हे याच कुळातले शब्द. पाने उलटणे या अर्थाचे क्रियापद ‘ओहेआर’. ‘ओहो’ (डोळा) वरून आलेले, नजर टाकणे या अर्थाचे क्रियापदही तसेच उच्चारले जाते. दोहोंतला भेद फक्त लिहिताना, एचवरून कळतो.

अध्ययन : एका स्पॅनिश शब्दासमोर चार मराठी अर्थ लिहून पाठ केल्यास ते लवकर विसरतात आणि बोलताना नेमका अर्थ सुचत नाही. त्याऐवजी मूळ कल्पना समजून घ्यावी आणि प्रत्येक अर्थ एकेका रूढ शब्दजोडीसह पाठ करावा. पहिल्या टप्प्यावर झाडाचे पान व कागद हे दोनच अर्थ पुरेत. पाते आणि झडप वाचनात भेटतील तेव्हा घ्यावेत. शब्द लिंगासह, म्हणजे ‘ला ओहा’ असाच म्हणावा, कारण मराठी ‘पान’ नपुंसकलिंगी असल्याने इथे चूक हटकून होते.