बंगळुरातील बाळाची वाटी

बाळाच्या उष्टावणाची हकीगत कोणत्याही बखरीत सापडत नाही. राजाने कोणाला किती गावे इनाम दिली ते कळते. त्याच राज्यातील मातेने सहा महिन्यांच्या लेकरापुढे काय ठेवले, ते भांड्यांवरून आणि शब्दांवरून ताडावे लागते. मराठीत बोंडले आहे, कानडीत ओळले आहे. दोन्ही चोचीच्या वाट्या, बाळाच्या मुखी पातळ पदार्थ घालण्यासाठी केलेल्या. 1638 च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यानंतर तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना ही वाटी परकी नव्हती, आणि तिच्यातली नाचणीही नव्हती.

ग्रंथांचे मत पाहू गेल्यास, काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्यात अन्नप्राशन सांगितले आहे. म्हणजे धान्याच्या आधी फळ. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. लोकव्यवहाराने मात्र ग्रंथाची वाट पाहिली नाही. कणगीतली नाचणी बारमाही हाताशी असे, फळ नसे.

या नाचणीची करणी पाहण्यासारखी आहे. ती भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून मंद भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मराठीत हे नाचणीचे सत्त्व. बंगळुरात रागी सरी. साधे पीठ शिजवले की फुगते आणि घट्ट होते. ते बाळाला गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते; मग पोट भरते, पण पाण्याने. अशा पेजेवर वाढणारे मूल उपाशी न दिसता उपाशी राहते. मोड येताना दाण्यात जे पाचक द्रव्य उत्पन्न होते ते पिष्ट तोडते, आणि तितक्याच वाटीत जास्त पीठ पातळ राहून मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात यावर संशोधन झाले. कानडी आणि कोकणी आज्यांना त्याचा निष्कर्ष आधीच ठाऊक होता, कारण तेवढा ठाऊक नव्हता.

परंतु या वाटीत एक उणीव होती. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन मात्र नाममात्रच. त्याच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो, मग बुबुळ मऊ पडते आणि दृष्टी कायमची जाते. ही आपत्ती इतकी व्यापक होती की 1970 साली भारत सरकारला एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची योजना काढावी लागली.

ती उणीव भरून काढणारी भाजी बंगळुरात बाहेरून आली. 1809 साली तेथे इंग्रजांची छावणी वसली. तिच्या स्वयंपाकघरांसाठी गाजर, कोबी, बीट, घेवडा आसपासच्या मळ्यांत पिकू लागले. थंड हवा आणि तांबडी माती त्यांना मानवली. हैदरअलीने 1760 साली आरंभिलेली लालबाग 1856 मध्ये सरकारी वनस्पती-उद्यान झाली. तेथील अधीक्षक जॉन कॅमेरून यांच्या काळात चौचौचा वेल बंगळुरात रुजला. कानडीत तिला सीमेबदनेकाई, म्हणजे विलायती वांगे, म्हणतात. तमिळ भाषकांनी तर तिला बंगळूरचे वांगेच करून टाकले. वाफवली की ही भाजी सहज कुसकरता येते, आणि चव इतकी सौम्य की बाळ तोंड वाकडे करीत नाही. तिच्यात पाणीच फार, कॅरोटीनच्या कामी ती उपयोगाची नाही. ते काम गाजराचे, लाल भोपळ्याचे आणि पिकल्या पपईचे. यांतला भोपळा आणि पपई हेही मूळचे अमेरिकेचे, हे आजीला सांगितले तर तिला खरे वाटणार नाही.

सर्वांची वाटी सारखी नव्हती. छावणीच्या बाजारातले गाजर मजुराच्या झोपडीत सहजी पोचत नसे. तेथे नाचणीच, आणि तीही पातळ. 1959 साली द्राक्ष-बागाईतदारांची सहकारी संस्था निघाली. तिचाच पुढे हॉपकॉम्स झाला आणि शेतकऱ्यांचा माल तिच्या दुकानांतून शहराच्या वस्त्यांत विकला जाऊ लागला.

तोवर डबाही आला होता. नेस्लेचे दुधाचे पीठ 1867 चे, अमेरिकेतील गर्बरच्या गाळलेल्या भाज्या 1928 च्या. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनवण्याची रीत शोधली, ती अमूलने उचलली, आणि परदेशी डब्यावाचून देशाचे अडेनासे झाले. ती कामगिरी थोरच होती. पण डबा पुरवून वापरण्यासाठी गरीब आई भुकटीतही पाणीच वाढवू लागली, आणि ते पाणी नेहमी उकळलेले नसे. 1992 साली कायदा झाला. 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या जाहिरातीच बंद केल्या.

जाहिरात नसलेली वाटी चालूच राहिली. गाजर वाफवून, सुती फडक्यातून किंवा चाळणीतून घासून काढायचे, नाचणीच्या खिरीत कालवायचे आणि वर तुपाचे दोन थेंब सोडायचे. हे तूप केवळ चवीसाठी नसते. स्निग्धांशाच्या सोबतीशिवाय गाजरातले कॅरोटीन अंगी फारसे लागत नाही.