भेगेची साक्ष

नळदुर्गच्या किल्ल्यातील बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. बादशहाचे नाव राहिले, चुना मळणाऱ्यांचे राहिले नाही. आज आम्ही त्या चुन्याविषयीच बोलणार आहोत.

चुन्याच्या बांधकामात बारीक चीर पडून पाणी झिरपले, की ते पाणी उरलेला चुना थोडाथोडा विरघळवून चिरेत आणते. तेथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि त्याची चुनखडी होते. चीर आपली आपणच बुजते. सिमेंटातही हे थोडेफार घडते. हॉलंडमधील डेल्फ्टच्या हेंक योंकर्स यांनी तर काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्यच कालवले. भेगेतून पाणी शिरले की ते जागे होतात आणि चुनखडीने भेग भरू लागतात.

पण भेग खरोखर भरली, हे ठरवायचे कसे? येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. जर्मनीत १९३१ साली नोल आणि रुस्का यांनी त्याचा पाया घातला. त्याखाली ठेवायचा खडा तयार करणे मात्र कसबी गवंड्याच्या तोडीचे काम आहे. यंत्रात हवा नसते, म्हणून खडा पुरता सुकलेला हवा. घाईने तापवला तर नव्याच भेगा पडतात, म्हणून तो सावकाश सुकवायचा. मग निर्वातात त्याच्यात पातळ इपॉक्सी राळ मुरवायची. ती घट्ट झाल्यावरच खडा कापायचा, नाहीतर भेगेतली कोवळी चुनखडी करवतीखाली गळून जाते. घासून गुळगुळीत करताना पाणी टाळायचे आणि शेवटी कार्बनचा अगदी पातळ थर चढवायचा. आता पाहा, राळ भरलेली भेग आधीची. राळ नसलेली भेग कापताना पडलेली. हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो.

वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. तेथेही हाच सूक्ष्मदर्शक कामी आला. अनाम गिलावा करणाराची अक्कल एवढ्या शतकांनी उजेडात आली.

आमच्या बिगाऱ्यांच्या वाट्याला मात्र आजही उलटेच येते. स्लॅबला तडा गेला की पहिला शब्द, "पाणी मारले नाही." दुष्काळात टँकर आलाच नव्हता, सिमेंट मापापेक्षा कमी पडले होते, हे विचारतो कोण? ठेकेदाराचा माणूस हातोडीने ढलपा काढतो, खिशात घालतो आणि निकाल कामगाराविरुद्ध लागतो. हातोडीने पडलेली भेगही त्यात कामगाराच्याच खात्यावर जाते. म्हणून आमचे मागणे एवढेच, की नमुना कामगारांच्या प्रतिनिधीसमोर काढावा, कोठून काढला ते लिहून ठेवावे, त्याचे दोन भाग करावेत आणि एक भाग मोहोरबंद करून आमच्या ताब्यात द्यावा.