गोंदियाचे ड्रॉइंग मास्तर आणि मुंबईचा निवांत रस्ता

१/ सय्यद हैदर रझा म्हटले की 'बिंदू' आठवतो. परंतु या चित्रकाराची सुरुवात रस्त्यांच्या चित्रांतून झाली, आणि त्या प्रवासातला एक मुक्काम तत्कालीन भंडारा जिल्ह्यात होता.

२/ रझांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. नागपूरच्या कलाशाळेतील शिक्षणानंतर ते गोंदियात चित्रकला-शिक्षक झाले. गोंदिया आज स्वतंत्र जिल्हा असला, तरी १ मे १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.

३/ १९४३ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. ते पोहोचले ऑक्टोबरमध्ये. तोवर प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्तीही हातची गेली. गोंदियाला परतण्याऐवजी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. जे. जे.मधील शिक्षण पुढे झाले. त्याआधी शिकवले ते मुंबईने.

४/ नोकरीतून उरलेल्या वेळात रझा शहर रंगवू लागले. पावसाने भिजलेले रस्ते, इमारतींच्या पुसट कडा, माणसे असलीच तर कुंचल्याचे दोन-चार फटकारे. एवढ्या गजबजलेल्या शहराचे रस्ते या चित्रांत निवांत भासतात. कारण चित्राचा खरा विषय गर्दी नसून प्रकाश आहे.

५/ ही दृष्टी दृक्प्रत्ययवादाची. वस्तूचा तपशील नव्हे, तर विशिष्ट क्षणी डोळ्यांना होणारा तिचा प्रत्यय रंगवायचा. १८७४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनातून या पंथाला नाव मिळाले. नेत्रविकारामुळे बाहेर बसणे अवघड झालेल्या पिसारोने १८९७ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून एकाच मोंमार्त्र रस्त्याची १४ तैलचित्रे रंगवली. रस्ता तोच, वेळ आणि हवा मात्र दर चित्रात निराळी.

६/ युरोपातील चित्रकलेचे हे धडे मुंबईत माणसांकरवीही पोहोचले. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि जर्मनीतून आलेले समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी रझांसारख्या तरुणांना बळ दिले. १९४७ मध्ये रझा 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले.

७/ पुढे त्यांच्या चित्रांतून रस्ते गेले, घरे गेली. रंग आणि भूमिती उरली. म्हणून रझांचे १९४० च्या दशकातले एखादे रस्त्याचे चित्र दिसले, तर ठिकाण ओळखण्याआधी प्रहर ओळखून पाहा. आणि भंडाऱ्याचा कलेतिहास शोधताना आजच्या नकाशावर विसंबू नका. १९९९ पूर्वीचा नकाशा उघडा.