ब्रिटिश होंडुरासची वासाहतिक कागदपत्रे : निवड, मौन आणि गुलामांचा इतिहास

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील बेलिझ हा देश १९७३ पर्यंत ‘ब्रिटिश होंडुरास’ या नावाने ओळखला जात असे. १९८१ मध्ये तो स्वतंत्र झाला. ब्रिटिश साम्राज्याच्या अभ्यासात या चिमुकल्या प्रदेशाला क्वचितच स्थान मिळते. मिळालेच तर ते ग्वाटेमालाशी असलेल्या सीमावादाच्या निमित्ताने. तथापि वासाहतिक सत्तेचे कागद कसे तयार होतात, त्यांतून कोणते निवडले जातात आणि निवडीतून कोणता इतिहास घडवला जातो, हे समजून घेण्यासाठी बेलिझइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

या कागदांचे वेगळेपण मूळ वस्तीच्या स्वरूपातून आलेले आहे. कापड रंगवण्यासाठी लागणारे लॉगवुड तोडण्यासाठी सतराव्या शतकात इंग्रज येथे आले. ‘बेमेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लाकूडतोड्या मालकांच्या पायाखालची जमीन कायद्याने स्पेनची होती. १७६३ च्या पॅरिस तहाने इंग्रजांना केवळ लॉगवुड तोडण्याची मुभा मिळाली. १७८३ च्या तहाने तोडीची हद्द ठरवली, तर १७८६ च्या लंडन कराराने ती दक्षिणेस सिबुन नदीपर्यंत वाढवून महोगनी तोडण्यासही परवानगी दिली; मात्र मळे करणे, किल्ले बांधणे आणि शासनव्यवस्था उभारणे यांना मनाई केली. परिणामी १८६२ पर्यंत ही वस्ती कागदोपत्री वसाहत नव्हतीच. तिचा कारभार अधीक्षक, दंडाधिकारी आणि मालमत्ताधारकांची जाहीर सभा यांच्या ओढाताणीतून चालत असे. पुढे वसाहतीचा दर्जा मिळाल्यावरही १८८४ पर्यंत ती जमैकाच्या गव्हर्नरच्या देखरेखीखालीच राहिली. म्हणूनच तिचे दप्तर एका जागी नाही. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात वसाहत खात्याच्या १२३ क्रमांकाच्या मालिकेत मुख्य पत्रव्यवहार आहे. पण जमैकाची मालिका, परराष्ट्र खात्याचे कागद आणि कोषागाराकडील गुलामांच्या नोंदवह्या पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

स्थानिक दप्तराचे भाग्य याहून खडतर. १९१८ च्या आगीत बेलिझ शहरातील सरकारी इमारती भस्मसात झाल्या. १० सप्टेंबर १९३१ च्या चक्रीवादळात शहराची वाताहत होऊन हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ३१ ऑक्टोबर १९६१ च्या ‘हॅटी’ वादळानंतर तर राजधानीच आत बेलमोपान येथे हलवण्याचा निर्णय झाला, आणि पुराभिलेखागारही आज तेथेच आहे. दमट हवा आणि वाळवी यांनी केलेले नुकसान वेगळेच.

या पार्श्वभूमीवर सर जॉन आल्डर बर्डन यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ ब्रिटिश होंडुरास’ या तीन खंडांचे महत्त्व ध्यानात येते. पहिला खंड १९३१ मध्ये, दुसरा १९३४ मध्ये आणि तिसरा १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभापासून १८८४ पर्यंतचा काळ त्यांत येतो. पुढील अनेक दशके बेलिझवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी याच खंडांचा आधार घेतला. परंतु दोन गोष्टी नजरेआड करून चालणार नाहीत. हे खंड मूळ कागदांची छापील प्रत नव्हेत. वसाहतीत उरलेल्या दप्तरांतून एका समितीने काढलेले ते उतारे आणि सारांश आहेत. दुसरे असे की, बर्डन हे स्वतः त्या वसाहतीचे गव्हर्नर होते. ज्या सत्तेची तपासणी व्हावयाची, तिच्याच प्रमुखाच्या देखरेखीखाली हे संकलन झाले. बर्डन यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही. सारांश करणाऱ्याला काय महत्त्वाचे वाटते, हा प्रश्न प्रामाणिकपणाहून वेगळा आहे.

सेंट जॉर्जेस के बेटाच्या लढाईचे उदाहरण येथे उपयोगी पडते. वस्ती सोडून जावे की तिचे रक्षण करावे, यावर १ जून १७९७ रोजी जाहीर सभेत मतदान झाले. रक्षणाच्या बाजूने ६५ आणि विरोधात ५१ मते पडली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये युकातानचा गव्हर्नर आर्तुरो ओ’नील याच्या आरमाराला माघार घ्यावी लागली. १८९८ मध्ये या विजयाची शताब्दी साजरी झाली आणि १० सप्टेंबर हा वसाहतीचा मानाचा दिवस ठरला. (१९३१ चे वादळ नेमके या उत्सवाच्या दिवशी आले.) उत्सवाबरोबर एक कथाही रूढ झाली : मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून लढले, म्हणजेच येथील गुलामगिरी सौम्य होती. गुलाम लढले, हे खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कागद मान्य करीत नाहीत. युकातान आणि पेतेनमध्ये पळून जाणाऱ्या गुलामांविषयीच्या तक्रारी लढाईच्या आधी आणि नंतरही सातत्याने आढळतात. स्पॅनिश हद्दीत पोहोचलेल्या गुलामाला स्वातंत्र्य मिळे, हे मालकांचे जुने दुखणे होते. लढाईच्या पंचवीस वर्षे आधी, १७७३ मध्ये, गुलामांनी उघड बंडही केले होते.

१८२० चे बंड या संदर्भात अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. बेलिझ आणि सिबुन या नद्यांच्या काठी गुलाम उठले, तेव्हा अधीक्षक जॉर्ज आर्थर याने लष्करी कायदा पुकारला. विल आणि शार्पर ही बंडाच्या म्होरक्यांची नावे त्याच्या पत्रव्यवहारात आली आहेत. चौकशीअंती आर्थरने लंडनला कळवले की, या गुलामांना त्यांच्या मालकाने अकारण क्रूरपणे वागवले होते. बंड मोडणाऱ्या अधिकाऱ्यानेच दिलेली ही साक्ष वजनदार आहे. मात्र तीही पारखून घ्यावी लागते. १८१७ मध्ये कोणाच्याही ताब्यात नसलेली जमीन राजसत्तेची असल्याचे जाहीर केल्यापासून आर्थर आणि बडे मालक यांच्यात हाडवैर होते. मालकांची क्रूरता लंडनच्या कानी घालणे त्याच्या सोयीचेही होते. तरीही विल आणि शार्पर यांची नावे आज ज्ञात आहेत ती या भांडणामुळेच. सत्ताधाऱ्यांत एकमत असते तेथे दप्तर गप्प बसते, असे या कागदांवरून दिसते.

एडवर्ड मार्कस डेस्पार्ड या आधीच्या अधीक्षकाच्या बाबतीत हेच घडले. १७८७ मध्ये मॉस्किटो किनाऱ्यावरून २,२१४ माणसे बेलिझला आली; त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक गुलाम होते. नव्याने आलेल्यांना डेस्पार्डने वर्णभेद न पाळता चिठ्ठ्या टाकून भूखंड दिले. जुने मालक खवळले. त्यांच्यापैकी अवघ्या बारा जणांकडे तोडीच्या जमिनीचा चार-पंचमांश भाग होता. त्यांच्या तक्रारींवरून डेस्पार्डला परत जावे लागले आणि पुढे १८०३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडन येथे त्याला फाशी झाली. जमिनीची मक्तेदारी आज आकड्यांत मांडता येते, ती या वादात दोन्ही बाजूंनी लंडनला धाडलेल्या कागदांच्या ढिगामुळे.

सामान्य गुलामाचे आयुष्य मात्र पत्रव्यवहारात नव्हे, नोंदवह्यांत शोधावे लागते. १८०० च्या सुमारास सुमारे चार हजार लोकवस्तीत तीन हजार गुलाम होते. १८३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पलायन, मृत्यू, अल्प जन्मदर आणि मुक्तता ही त्याची कारणे. १८३४ च्या नोंदवहीत नाव, वय आणि काम लिहिले आहे. बहुतेक प्रौढ पुरुषांपुढे लाकूडतोडीचे काम आढळते. जंगलात महोगनीचे झाड हेरणारा, कुऱ्हाड चालवणारा, ओंडके ओढणारे बैल हाकणारा अशी टोळीतील कामांची वाटणी असे. अशा मोजदादीमागे अर्थातच मालकीचा हिशेब होता. गुलामगिरी संपुष्टात आणताना ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना. होंडुरासमध्ये दर गुलामामागे सरासरी सुमारे ५३ पौंड पडले, आणि हा दर सर्व वसाहतींत सर्वाधिक होता. मुक्त झालेल्यांना काय मिळाले? १८३८ मध्ये उमेदवारीची सक्ती संपली, त्याच वर्षी सरकारी जमिनीला एकरी एक पौंड किंमत लावण्यात आली. हे दोन कागद शेजारी ठेवले की आणखी भाष्याची गरज उरत नाही. कॅरिबियन प्रदेशातील या नोंदवह्यांचा २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत समावेश झाला, आणि प्रस्तावक देशांत बेलिझही होता.

१९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओ. नायजेल बोलंड यांच्या ग्रंथाने बेलिझच्या समाजघडणीचा पाया जमीन आणि श्रम यांवरील नियंत्रणात शोधला. असद शोमन यांनी पुढे तीच दिशा स्वीकारली. माया लोकांच्या बाबतीत तर या वाचनाने जुन्या समजुतीचा पायाच काढून घेतला. इंग्रज आले तेव्हा प्रदेश निर्मनुष्य होता, असे वसाहतीचे इतिहासकार सांगत. पण १७८८ मध्ये ‘रानटी इंडियनां’नी लाकूडतोडीच्या ठाण्यांवर हल्ला केल्याची नोंद आहे, आणि १८०२ मध्ये त्यांना शासन करण्यासाठी नदीच्या वरच्या भागात सैनिक पाठवण्याची मागणी झाली. निर्मनुष्य जंगलात शासन कोणाला करावयाचे होते? १८७२ मध्ये मार्कोस कानुल याने ऑरेंज वॉकवर चाल केली, तोवर हा संघर्ष उघड युद्धाच्या पातळीला पोहोचला होता. या लोकांची बाजू इंग्रजी दप्तरात केवळ तक्रारीच्या रूपाने येते. सेव्हिल येथील इंडीज अभिलेखागार आणि ग्वाटेमाला शहरातील मध्य अमेरिकेचे अभिलेखागार येथील स्पॅनिश कागद तिच्याशी ताडून पाहावे लागतात. तेही दुसऱ्या एका सत्तेचेच दप्तर होय. पण जंगलाकडे ते उलट दिशेने पाहते, आणि इंग्रजांच्या लेखी ‘फरारी’ असलेला माणूस तेथे आश्रयाला आलेला म्हणून नोंदला जातो.